मदत हवी: पिकअपच्या केबिनमध्ये गाणं ऐकूच येत नाही

कळमना_एक्सप्रेस: ६०च्या वर गेलो की केबिनमध्ये इतका गोंगाट होऊन राहिला की स्टिरिओ फुल केला तरी शब्द कळत नाहीत. फोनवर समोरच्याला माझं बोलणं ऐकू जात नाही. स्पीकर बदलले, फरक शून्य. बजेट १५ हजार. ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) टाकू की पत्र्याला आवाज दाबणारी शीट मारू? रविवारी काम काढायचं आहे, लवकर सांगा.

पाना_पकड: गाडी कोणती? सिंगल केबिन की डबल? स्पीकर किती इंची, कुठे बसवले? आवाज इंजिनाचा, टायरचा की वाऱ्याचा? काहीच न सांगता उत्तर कसं द्यायचं भाऊ?

बेस_बहाद्दर: ४ चॅनेलचा ॲम्प, दर चॅनेल ५० वॉट आरएमएस (सलग मिळणारी ताकद). विषय संपला.

पाना_पकड: संपला कसा? ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात, १० वाढवायला दहापट. गोंगाटावर गाणं चढवायचं म्हणजे कानाची वाट लावायची.

कळमना_एक्सप्रेस: बोलेरो पिकअप, २०१९, सिंगल केबिन. स्पीकर ६ इंची, दारात. आवाज सगळाच आहे.

पाना_पकड: सगळाच असं नसते. उभ्या गाडीत न्यूट्रलवर, ६०ला इंजिन जेवढं फिरते तेवढी रेस द्या. तसाच गोंगाट झाला तर इंजिन, नाही झाला तर टायर नि वारा. मग दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंनी. सहज निघाली तिथून वारा शिरते. चालत्या गाडीत इंजिन बंद करून पाहू नका, ब्रेक दगड होतो.

संत्रा_मंडी: अंड्याचे ट्रे चिकटवा छताला, फुकटात काम.

पाना_पकड: त्यानं खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. वरून कागद पेट घेतो. थर्माकोलचंही तेच.

वर्धा_रोड: दोष सिमेंट रोडचा आहे. समृद्धीवर तर टायर गातात. मागे लग पॅटर्न (आडव्या जाड गट्टूंचे टायर) असेल तर रिब (सरळ रेघांचे) टाका.

संत्रा_मंडी: रिब टाकून पावसाळ्यात वावरातून माल काढून दाखवा! जागेवरच फिरते चाक.

एमएच_४०: रिव्हर्स कॅमेरा पण लावून घ्या, त्याच स्टिरिओला जोडता येते.

कळमना_एक्सप्रेस: कॅमेरा कोणी विचारला? रेस देऊन पाहिली, निम्म्याहून जास्त आवाज इंजिनाचाच. गिअरच्या दांड्यापाशी गरम हवा पण लागते.

पाना_पकड: हे आधी सांगायचं ना! हवा येते तिथून आवाज येतोच, बारीक फटसुद्धा शीटचं काम मातीत घालते. आधी गिअरचं रबर बूट बदला. मग मॅट काढा, फायरवॉलमधून (इंजिन नि केबिनच्या मधला पत्रा) वायर नि केबल येतात तिथले ग्रॉमेट (भोकातले रबरी कडे) तपासा, उरलेली भोकं ब्यूटाइलच्या (चिकट रबर) पट्टीनं बुजवा.

त्यानंतर शीट. २ मिमी ब्यूटाइल, वर ॲल्युमिनियम फॉइलवालं. अडीच चौरस मीटर पुरते. सगळा पत्रा मढवू नका, बोटानं वाजवून पाहा, ढोल वाजला तिथेच मारा. पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी कंप बसतो. सीटमागची भिंत सगळ्यात जास्त वाजते. पत्रा थिनरनं पुसा, शीट रोलरनं दाबा, फुगा राहिला की तिथून सुटते. फरशीवर आणि फायरवॉलला वरून १० मिमी नायट्राइल (रबरी) फोम. डांबराची स्वस्त शीट अजिबात नको, आपल्या मे महिन्यात ४५ अंशांत बंद गाडीचं छत भट्टी होते, शीट ओघळून डोक्यावर येते.

बेस_बहाद्दर: आणि ॲम्प?

पाना_पकड: नंतर. दारात बाहेरच्या पत्र्याला आतून शीट मारा, आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाका. नाहीतर स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन बेस खातो. दाराच्या खालची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवा. काच पूर्ण खाली करून पाहा, घासते का. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडी भुशाचा बोर्ड) नको, पावसात फुगते. प्लास्टिकची घ्या.

दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावा, प्लसला प्लस. दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. मग स्टिरिओमागची प्लस-मायनस जोडणीही तपासा. एक स्पीकर उलटा जोडला असला तर बेस गायब.

बेस_बहाद्दर: हे बरोबर. पुढे ॲम्प टाकलाच तर ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. अर्थिंगला रंग खरडून उघड्या पत्र्यावर बोल्ट. रेससोबत चढणारी शिट्टी आली तर आधी अर्थिंग पाहा, आरसीए वायर (स्टिरिओतून ॲम्पला गाणं नेणारी) पॉवरच्या वायरपासून दूर ओढा. हाय-पास (त्याखालचा बेस स्पीकरला जाऊ न देणारं सेटिंग) ८० हर्ट्झ.

वर्धा_रोड: फोनसाठी स्टिरिओला बाहेरचा माइक लागत असेल तर सन व्हायझरपाशी लावा, एसीच्या झोतापासून लांब.

कळमना_एक्सप्रेस: बूट सांगितलं आहे दुकानात. नोट ड्रायव्हरच्या बाजूला, वरच्या मागच्या कोपऱ्यातून सहज सरकली. रबर नवं घेऊ का?

पाना_पकड: थांबा. दार वर उचलून पाहा, हललं तर बिजागरी कसा. नाही हललं तर खांबावरचा स्ट्रायकर (दाराचं लॉक अडकते ती कडी) ढिला करून १-२ मिमी आत सरकवा, परत नोट ओढा. तरी निघाली तरच रबर.