'द डोअर्स' बँडचा गायक जिम मॉरिसन जिवंत आहे म्हणे!

जुनी_कॅसेट: "मॉरिसन १९७१ मध्ये मेलाच नाही, शवपेटी रिकामी होती, नाव बदलून तो सुखात राहिला" ही पोस्ट आज पुन्हा फिरतेय. डोकं फिरलं वाचून. ३ जुलैला पॅरिसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याच्या मैत्रिणीला, पामेलाला तो बाथटबमध्ये सापडला. डॉक्टरने हृदय बंद पडल्याचं लिहिलं, ७ जुलैला पेर लाशेझ दफनभूमीत पुरला. वय २७, दारूने शरीराची वाट लागलेली. गूढ कुठे आहे यात?

उत्तररात्र: शवविच्छेदनच झालं नाही, हे सोयीस्कर गाळलंत. बँडचा मॅनेजर बिल सिडन्स पोचला तेव्हा पेटी बंद होती, त्याने चेहराही पाहिला नाही. जगाला बातमी दफनानंतर! आणि 'रोलिंग स्टोन्स'चा ब्रायन जोन्स बरोबर दोन वर्षं आधी, ३ जुलैलाच गेला. तोही २७ चा.

जुनी_कॅसेट: जोन्स, हेंड्रिक्स, जॉप्लिन हे रॉकवाले सगळे २७ चे, आणि सगळे नशेत बुडालेले. तारखा कसल्या जुळवताय? डॉक्टरला घातपात दिसला नाही, म्हणून चिरफाड झाली नाही. माझे मामा झोपेत गेले, फॅमिली डॉक्टरने दाखला दिला, दुपारी अंत्यविधी उरकला. तेही जिवंत आहेत का?

शेवंता_के: तुमचा डॉक्टर भला म्हणायचा. आमचे काका घरीच गेले, तर डॉक्टरने दाखला नाकारला. बॉडी तालुक्याला नेली, पीएमला (शवविच्छेदनाला) माणूस नाही म्हणून रात्रभर व्हरांड्यात. काकू पायरीवर बसून पदराने माश्या हाकलत होती. 'पीएम का नाही केलं' हे विचारणं फार सोपं असतं.

बांधावरून: शेवंताताई, डॉक्टरने नाकारलं तेच बरोबर. आमच्या आत्याचे यजमान गेले तेव्हा घरच्यांनीच हातापाया पडून पीएम टाळलं. आज भाऊबंद जमिनीच्या वादात आत्याकडे बोट दाखवतात, आणि तिच्या हातात एक कागद नाही.

शेवंता_के: बरोबर? त्या रात्री तुम्ही नव्हता तिथे. आम्ही काय काकांना मारलं होतं?

बांधावरून: तसं कोण म्हणालं? कागद असता तर आत्याची सुटका झाली असती, एवढंच. पामेलाचं तेच झालं. १९७४ मध्ये तीही हेरॉइनने गेली, २७ व्या वर्षी, तरी लोक अजून तिलाच खुनी ठरवतात.

उत्तररात्र: बरं, जिवंत असल्याचं सोडलं मी. पण पॅरिसच्या एका नाइटक्लबचा जुना मॅनेजर सांगतो की मॉरिसन क्लबच्या संडासात हेरॉइनने मेला आणि त्याला उचलून घरी आणला. त्याचं काय?

जुनी_कॅसेट: हेरॉइनची शंका रास्त आहे, तेवढं मान्य. पण क्लबवाल्याने तोंड उघडलं २००७ मध्ये, पुस्तक काढताना! छत्तीस वर्षं गप्प बसणाऱ्याचं मी का ऐकू?

शेवंता_के: ऐकू नका. पण दफनाची घाई केली म्हणून त्या पामेलाला दोष देऊ नका. घरात प्रेत असताना माणसाला एकच सुचतं, हे लवकर आटपू दे.

बांधावरून: हे मात्र पटलं. पीएमचं नाही पटलं.