जलपर्णी काढली तरी परत का माजते?

प्रश्न: बेळगावजवळचं गावतळं. दर रविवारी १५ जण जलपर्णी ओढतो, महिन्याभरात परत हिरवंगार. काय चुकतंय?

उत्तर: दादा, मधूनच ओढत असाल. तुटलेला कोंब तरंगत जाऊन नवं रोप होतो. वाऱ्याने पर्णी ज्या काठाला साचते तिथूनच काढा. मागे नायलॉनच्या दोरीला झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या बांधून आडव्या सोडा, तुकडे अडतात. पानं धरून ओढू नका, फुगीर देठ मटकन तुटतो. खालून मुळांसकट उचला. जांभळा तुरा यायच्या आत, कारण बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं.

उत्तर: आणि ढीग काठालाच टाकू नका की हो! पहिल्या वळवाला सगळं परत तळ्यात. ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, उंचावर पसरून वाळवा, मगच ट्रॉली बोलवा. गटाराचं पाणी तळ्यात येत असेल तर मात्र ते आधी वळवा, नाहीतर नुसती हमाली.

उत्तर: काम एप्रिल-मेमध्ये. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. काठावरची बेशरम (जांभळट फुलांचं रानझुडूप) नुसती तोडून टाकू नका, ओल्या मातीत कांडी रुजते. घटप्रभा अभयारण्याच्या हद्दीत आधी वनखात्याची लेखी परवानगी. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये, लेप्टोची (उंदराच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती.