आठ लाखांत कॅम्परव्हॅन: ईको घ्यावी का जुनी ट्रॅव्हलर?

उनाड_पाव्हणा: मंडळी, कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली फिरायची गाडी करायचीय, त्यावरनं घरात रोज वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय. मी, बायको आणि सहावीतली पोरगी. भाऊ म्हणतोय जुनी ट्रॅव्हलर, ती फोर्सची मिनीबस, उचल आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं आतलं काम करून घे. मी म्हणतोय मारुतीची छोटी व्हॅन ईको घ्यायची, मागं प्लायची पेटी, वर गादी, मागचं दार वर केलं की शेगडी बाहेर, विषय कट. इतर दिवशी तीच गाडी दुकानाच्या मालाला. ट्रॅव्हलर वर्षातनं चारदा निघणार, बाकी दिवस गल्लीत धूळ खात उभी आणि हप्ता मात्र न चुकता. पटत नसेल तर बोला.

घाटमाथा: नाही पटत भावा. ईकोत ताठ उभं राहून शर्ट तरी घालता येतोय का? आणि तिघं झोपणार कशी? दार वर करून शेगडी म्हणतोस, जुलैत गगनबावड्याला पाऊस आडवा येतोय, पोहे सोड, काडी पेटायची नाही. उंच टपाच्या ट्रॅव्हलरमध्ये बाहेर पाय न ठेवता चहा होतोय.

कागदपत्रवाले_अण्णा: दोघंही थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. ट्रॅव्हलरच्या सीटा काढून बेड, ओटा, गॅस फिक्स केला की ते फेरफारातच येतंय. मोटार कॅराव्हॅनला, म्हणजे कॅम्परव्हॅनलाच, एआयएस-124 असं वेगळं स्टँडर्ड आहे. 'आरटीओचं आम्ही बघतो' म्हणणारा बॉडीवाला अपघात झाल्यावर फोन उचलत नाही, आणि विमा कंपनी क्लेमला पहिली आरसीच मागते.

उनाड_पाव्हणा: तेच की अण्णा! माझी पेटी म्हणजे सामान, घरी परत आल्यावर काढून ठेवली की गाडी जशीच्या तशी. पोरगी शेजारी तंबूत झोपंल, तिला तेच पाहिजे.

कागदपत्रवाले_अण्णा: पेटीसाठी मागची सीट खोलणार असशील तर ते पण नियमात बसत नाही. आणि नुसती ठेवलेली पेटी फोंडा घाटात ब्रेक मारला की सरळ पाठीत येतीय. रॅचेटच्या पट्ट्यानं घट्ट आवळ, त्यात पाण्याचा कॅन असला तर तो खाली, पुढच्या बाजूला.

रंकाळ्याची: सगळे पुरुष बोलालेत म्हणून संडासाचं नावच नाही. रात्री अडीचला पंपावर जावा, कुलूप असतंय, नाहीतर असला प्रकार की नको वाटतं. वीस लिटर टाकीचा पोर्टेबल संडास मिळतो, पण ईकोत दादा तुम्ही तो ठेवणार कुठं, उशापाशी? बाई आणि पोरगी बरोबर असली की आडोसा लागतोच, म्हणून माझं मत ट्रॅव्हलर. आणि टाकी घरी येऊन संडासातच रिकामी करायची, ओढ्यात नाही.

मिसळ_एक्स्ट्रा_कट: ट्रॅव्हलर घेणार तर एसी पण टाका की, बॅटरी आहेच.

घाटमाथा: गणित कर. 12 व्होल्ट 100 एएचची (अँपिअर-तासाची) लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम 1200 वॅट-तास, घरगुती एसी तासाभरात चाटून पुसून साफ. छोटा 12 व्होल्टचा फ्रीज, दिवे, पंखा, मोबाईल एवढ्यावर साधारण दोन दिवस जातात. एसी पाहिजे तर लॉजवर जा.

रंकाळ्याची: आणि घेण्याआधी दोन रात्री भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये काढा. सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, भाड्यानं देणारे आहेत. भाड्याची पावसाळ्यातच घ्या, थंडीत सगळ्यांनाच छान वाटतंय.

उनाड_पाव्हणा: ताई, संडासाचा मुद्दा कबूल, कपड्याचा उभा आडोसा मिळतोय तो दाराला लावतो. तरी ईकोच. आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात ट्रॅव्हलर वळवायची म्हणजे शेजारच्याची स्प्लेंडर, कुंड्या आणि म्हातारीची खुर्ची, सगळं उचलायला लागतंय.

घाटमाथा: मग गाडी भावाच्या दारात लाव की, आयडिया त्याचीच आहे.