कॉम्पोझिटच्या अर्कात पल्पच्या पेशी मरतात: दोष मटेरियलचा की डिस्कचा?

एमडीएस_प्रबंध:
दात भरायच्या दोन मटेरियल्सची, फ्लोएबल कॉम्पोझिट आणि रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर यांची, पल्पच्या (दाताच्या गाभ्यातल्या मऊ ऊतीच्या) पेशींवरची विषारकता तपासतेय. पेशी अक्कलदाढेतल्या, चौथा पॅसेज (चौथ्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या). डिस्क ५ मिमी व्यासाची, २ मिमी जाड. एका डिस्कला १ मिली मीडियम (पेशी वाढवायचा द्रव), ३७ अंशांवर २४ तास; हाच अर्क पेशींवर घातला. एमटीटीत (जिवंत पेशी रंगाने मोजणाऱ्या चाचणीत) दोन्हींची व्हायाबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ४० टक्क्यांखाली, आणि कॉम्पोझिटचे आकडे दर वेळी वेगळे. मटेरियल इतकं विषारी मानायचं का?

हॅलोजन:
आधी हिशोब. तुमच्या डिस्कचं एकूण क्षेत्रफळ ०.७ चौ. सेमी. आयएसओ १०९९३-१२ या नमुना तयार करण्याच्या मानकानुसार अर्ध्या मिमीहून जाड नमुन्याला मिलीमागे ३ चौ. सेमी लागतं, म्हणजे १ मिलीत चार डिस्क. तुमचा अर्क चौपट पातळ आहे, तरी पेशी मरतायत. माझा संशय क्युअरिंगवर, म्हणजे प्रकाशाने मटेरियल कडक करण्यावर.

हवा लागलेल्या पृष्ठभागावर ऑक्सिजनमुळे मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) जुळतच नाही. चिमट्याच्या टोकाला चिकटतो ना, तोच तो थर. तो थेट मीडियममध्ये उतरतो. साच्याच्या खाली-वर मायलर स्ट्रिप (पारदर्शक प्लास्टिकची पट्टी), त्यावर काचपट्टी दाबून जादा मटेरियल बाहेर काढा. मग काचपट्टी उचलून लाइटची टिप स्ट्रिपला टेकवा: २० सेकंद, डिस्क उलटून पुन्हा २० सेकंद. दर वेळी रेडिओमीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारा) लावा. टिपवर जुनं रेझिन चिकटलेलं असलं की प्रकाश घटतो, आकडे हलतात.

डिस्क अल्कोहोलमध्ये बुडवून निर्जंतुक करू नका. मोनोमर तिथेच निघून जातो आणि मटेरियल फुकट सुरक्षित ठरतं. ऑटोक्लेव्हही नको, उष्णतेने क्युअरिंग पुढे सरकतं. दोन्ही बाजूंना यूव्ही द्या. आणि न क्युअर झालेलं मटेरियल हातमोजे घालूनही हाताळू नका, हेमा (एक मोनोमर) त्यांतून आरपार जातं.

एमडीएस_प्रबंध:
स्ट्रिप फक्त वरून लावत होते, क्युअरही एकाच बाजूने. पेशी वाचवून दाखवायला एन-ॲसिटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट घालू का?

वेल_९६:
घाला, कल्पना योग्य आहे. हेमा आणि टेगडीएमए (असाच दुसरा मोनोमर) पेशीतलं ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) संपवतात, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, पेशी ॲपॉप्टोसिसकडे (आपोआप मरण्याकडे) जातात. पण एन-ॲसिटिल सिस्टीन स्वतःच एमटीटी या रंगद्रव्याचं क्षपण करतं, म्हणजे पेशी नसलेल्या वेलमध्येही (प्लेटच्या खळग्यातही) जांभळा रंग येतो. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुवा आणि पेशीविरहित वेल ठेवाच. कंट्रोलचं मीडियमही डिस्कशिवाय २४ तास ३७ अंशांवर ठेवलेलं हवं, बाटलीतलं ताजं नव्हे. अर्क १:१, १:२, १:४ असा पातळ करून वक्र काढा. आयएसओ १०९९३-५ मध्ये व्हायाबिलिटी ७० टक्क्यांखाली गेली की विषारी धरतात; एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.

एंडो_कट्टा:
क्युअरिंग सुधारल्यावर कॉम्पोझिटचे आकडे वर येतील. रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर मात्र साध्या ग्लास आयनोमरपेक्षा विषारीच निघण्याची शक्यता जास्त. त्यात हेमा असतं. रेणू लहान, पाण्यात सहज विरघळणारा.

पण वेलमधली पेशी उघडी असते, दातात मध्ये डेंटिन (पल्पभोवतीचा कठीण थर) असतं. झिंक ऑक्साइड युजेनॉल कल्चरमध्ये पेशी मारतं, आणि तेच डेंटिन शाबूत असलेल्या खोल कॅव्हिटीत पल्प शांत करतं. म्हणून आयएसओ ७४०५ मधली डेंटिन बॅरियर चाचणी जोडा: अर्धा मिमी जाडीची डेंटिनची चकती, वरून मटेरियल, खालून पेशी. चकती कापल्यावर साचलेला स्मिअर लेयर (भुकटीचा थर) ॲसिडने काढा. डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका बुजलेल्या राहिल्या तर फारसं काही झिरपणार नाही आणि सगळीच मटेरियल्स निर्दोष दिसतील.