मदत हवी आहे: जुन्या एप्सन एल१३०० वर काढलेल्या पॉझिटिव्हमधून बारीक अक्षर धुतलं जात नाही

कुडाळची_छपाई

भजनी मंडळांच्या टी-शर्टांचं स्क्रीन प्रिंटिंगचं काम चतुर्थीआधी द्यायचं आहे. छातीवर एकरंगी नाव, पाठीवर दोन रंगांत किल्ल्याचं चित्र. पॉझिटिव्ह (फिल्मवरचं काळं चित्र, जे जाळीवरच्या लेपाकडे जाणारा उजेड अडवतं) घरच्या एप्सन एल१३०० वर काढते. प्रिंटर सेकंड हँड घेतलेला, शाई कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीची) डाय, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची. माहिती अशी:

फिल्म: इंकजेट फिल्म, १०० मायक्रॉन, दुधी. दोन रंगांसाठी गेटवे (ट्रेसिंग पेपर) वापरावा का, हाही विचार चालू आहे.
प्रिंट सेटिंग: प्लेन पेपर, स्टँडर्ड, ग्रेस्केल.
जाळी: नावासाठी ४३टी (सेंटीमीटरला ४३ धागे), चित्रासाठी ९०टी.
इमल्शन (यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाने कडक होणारा लेप, झाकलेला भाग पाण्याने धुतला जातो): बायक्रोमेट या रसायनाचं, बाहेरून एक हात, आतून एक हात. पंख्याखाली सुकवते.
एक्सपोजर: २० वॉटच्या चार यूव्ही ट्यूब, काचेपासून साधारण १० सेंमी, ४ मिनिटं.

अडचण: जाड अक्षरं उघडतात, पण 'ख', 'थ', 'क्ष' यांच्या बारीक रेषा आणि अनुस्वार धुतले जात नाहीत. पाण्याचा जोर वाढवला की कडा तुटतात. काही जण सांगतात सगळ्याच टाक्यांत काळी शाई भर, काही सांगतात लेझरवर जा. आधी काय करू?

जाळी_आणि_रबर

ताई, आधी दोष फिल्मचा की इमल्शनचा ते ठरवा, मगच प्रिंटरला हात लावा. दोन्हींची लक्षणं दिसायला सारखीच असतात.

फिल्मवर ५×५ सेंमीचा भरीव काळा चौकोन काढा. शेजारी ०.३, ०.५ आणि १ मिमी जाडीच्या रेषा. इमल्शन लावलेल्या, सुकलेल्या फ्रेमवर ती फिल्म ठेवा आणि चौकोनाला लागून स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तेवढाच तुकडा ठेवा. नेहमीची ४ मिनिटं द्या. मग दोन्ही बाजूंनी पाणी मारून मिनिटभर भिजू द्या आणि हलक्या फवाऱ्याने धुवा.

फॉइलखालचं उघडलं आणि चौकोनाखालचं अडलं, तर फिल्ममधून यूव्ही पार होतोय. म्हणजे शाईचा थर कमी पडतोय.
दोन्ही अडले, तर फिल्मबद्दल काही ठरत नाही. इमल्शन आधीच कडक झालंय.
दोन्ही सहज उघडले आणि फक्त बारीक रेषा बंद राहिल्या, तर एकतर फिल्म इमल्शनला नीट चिकटून बसत नाही किंवा वेळ जास्त होतोय.

फॉइलमधून काहीच पार होत नाही, म्हणून ते मोजपट्टीचं काम करतं. डोळ्याने फिल्म उजेडात धरून ठरवू नका. डोळ्याला दिसणारा काळा आणि यूव्हीला अडवणारा काळा हे एक नव्हेत. पूर्वी हाताने कापायची लाल आणि पिवळसर मास्किंग फिल्म येई. तिच्यातून पलीकडचं स्वच्छ दिसायचं, तरी इमल्शन कडक करणारा उजेड ती पूर्ण अडवायची.

व्हाळाकाठी

वरच्या दुसऱ्या शक्यतेकडे पावसाळ्यात खास लक्ष द्या. बायक्रोमेट मिसळलेलं इमल्शन सुकलं की अंधारातही हळूहळू कडक होत जातं. हवा उबदार आणि दमट असेल तर लवकरच. श्रावणात नुसत्या पंख्याखाली फ्रेम सुकायला अर्धा दिवस जातो, आणि खोलीत पांढरी ट्यूब चालू असेल तर तिचा थोडा यूव्हीही लागतो. म्हणून पिवळा बल्ब वापरा, खिडकीला जाड पडदा लावा, आणि सुकलेली फ्रेम त्याच दिवशी एक्सपोज करा. उद्यासाठी ठेवू नका.

कुडाळची_छपाई

चाचणी केली. फॉइलखालचं पाणी लागताच उघडलं. चौकोनाखालचं उशिरा उघडलं आणि आतल्या बाजूला पातळ पापुद्रा राहिला. ०.३ ची रेषा अजिबात नाही, ०.५ ची तुटक.

जाळी_आणि_रबर

म्हणजे फिल्मच. आता प्रिंटर.

पहिल्यांदा नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा नमुना). काळ्याच्या पॅटर्नमध्ये एक जरी रेघ तुटली असेल तर भरीव भागात केसाएवढ्या उभ्या-आडव्या फटी राहतात. दुधी फिल्मवर त्या दिसत नाहीत, एक्सपोजरला मात्र दिसतात. हेड क्लीनिंग दोन-तीनदाच करा. नाही सुटलं तर प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा चेक काढा. एकामागून एक क्लीनिंग करत राहिलात तर सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या गादीत) जाते. पॅडचा काउंटर भरला की दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि प्रिंटर अडून बसतो. सॉफ्टवेअरने काउंटर शून्यावर येतो, पण पॅड ओलाच असतो. तो बदलला नाही तर शाई टेबलावर येणार.

मग सेटिंग. प्लेन पेपर आणि स्टँडर्डला ड्रायव्हर मुद्दाम कमी शाई टाकतो, कारण साधा कागद जास्त शाई पेलत नाही. तुमची फिल्म पेलते. एल१३०० मध्ये काळ्याच्या दोन टाक्या आणि बाकी तीन रंग, सगळी डाय शाई. म्हणून:

पेपर टाईप: प्रीमियम ग्लॉसी
क्वालिटी: हाय
ग्रेस्केलची खूण काढा, कलर ठेवा
हाय स्पीडची खूण काढा, म्हणजे हेड एकाच दिशेने छापेल आणि कडा दुहेरी येणार नाहीत
बॉर्डरलेस नको, 'फिट टू पेज' नको, १०० टक्केच. बॉर्डरलेसमध्ये चित्र किंचित मोठं होतं आणि दोन रंग जुळत नाहीत.

ग्रेस्केल काढायला सांगतो कारण काळ्याखाली पिवळा आणि मॅजेंटा पडला तर यूव्ही आणखी अडतो. पिवळा रंग जांभळा-निळा उजेड खातो, आणि इमल्शनला लागणारा उजेड त्याच टोकाचा असतो.

शाई अतिही नको. कडा पसरतात, 'ख'चं पोट भरतं, आणि बाहेर काढणाऱ्या दातेरी चाकांचे ठिपके ओल्या शाईवर उमटतात. एका ए४ फिल्मचे दोन ए५ तुकडे करा. एकावर ग्लॉसी-हाय, दुसऱ्यावर मॅट-हाय घेऊन तोच चौकोन आणि रेषा काढा, आणि फॉइलसकट एकाच फ्रेमवर एक्सपोज करा. फॉइलच्या बरोबरीने उघडणारी, पण सगळ्यात कमी शाईची सेटिंग ती तुमची.

तारकर्ली_टीशर्ट

कॅनन जी मालिकेवाल्यांसाठी: वरचा सल्ला तिथे उलटा पडतो. त्यातल्या बहुतेक मॉडेलांत काळा पिगमेंटचा (न विरघळणाऱ्या कणांचा) असतो आणि फोटो पेपर निवडला की ड्रायव्हर तो वापरतच नाही, तीन रंग मिसळून तपकिरी काळा काढतो. तिथे प्लेन पेपर, हाय आणि ग्रेस्केल ठेवूनच पिगमेंट काळा मिळतो.

मिऱ्याबंदर

एवढा खटाटोप कशाला? लेझरवर गेटवे काढायचा, टोनर स्प्रे (छपाई गडद करणारा) मारायचा, झालं. जिल्ह्यातल्या अर्ध्या लग्नपत्रिका तशाच निघतात.

जाळी_आणि_रबर

एकरंगी पत्रिका किंवा कापडी पिशवी असेल तर गेटवे उत्तम आणि स्वस्त. तिथे माझाही विरोध नाही. पण ताईंचं पाठीवरचं चित्र दोन रंगांचं आहे. गेटवे म्हणजे शेवटी कागद. लेझरच्या गरम रोलरमधून जाताना त्यातलं पाणी उडतं आणि तो आकसतो. बाहेर आला की दमट हवा पिऊन पुन्हा फुगतो, आणि तोही लांबीत कमी, रुंदीत जास्त. ए३ वर दोन पॉझिटिव्ह एकमेकांवर ठेवलेत की एका कोपऱ्यात खुणा जुळतात, समोरच्या कोपऱ्यात सरकतात. पॉलिएस्टर फिल्मला हा त्रास जवळजवळ नाही. तरी दोन्ही रंगांच्या फिल्म एकाच दिवशी, एकाच दिशेने फीड करून काढा.

इंकजेटवर गेटवे तर नकोच. डाय शाई त्यावर सुकत नाही आणि कागद लाटांसारखा होतो.

कुडाळची_छपाई

ग्लॉसी-हाय ला चौकोन फॉइलबरोबर उघडला, मॅट-हाय ला जरासा मागे. पण ग्लॉसीची फिल्म इमल्शनला चिकटली आणि काढताना काळे डाग फ्रेमवर राहिले. शिवाय किल्ल्याच्या चित्राला कोरलड्रॉमध्ये हाफटोन (छटांसाठी लहानमोठे ठिपके) देऊनही प्रिंटमध्ये ठिपके येत नाहीत, नुसता राखाडी फवारा येतो. आणि फिल्म उलटी छापायची की सुलटी? दोन्ही सल्ले मिळालेत.

व्हाळाकाठी

चिकटण्याची कारणं दोन, आणि कोकणात दोन्ही एकदम येतात. फिल्मवरची शाई ओली, किंवा इमल्शन आतून ओलं.

फिल्म: छापल्यावर १५ मिनिटं उघडी ठेवा, पावसात अर्धा तास. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून चालते, जवळून दिलीत तर फिल्म वाकते. कोपऱ्यातल्या खुणेवर टिश्यू दाबून बघा, डाग आला तर थांबा. फिल्म मायक्रोपोरस असेल तर शाई छिद्रांत जाऊन लगेच कोरडी होते. साध्या जिलेटिनसारख्या कोटिंगची असेल तर दमट हवेत कोटिंगच मऊ राहतं, कितीही थांबा. घेताना मायक्रोपोरस, वॉटरप्रूफ असं विचारूनच घ्या.

इमल्शन: हाताला कोरडं लागलं म्हणजे सुकलं असं नाही. ओलं इमल्शन उजेडाने पुरतं कडक होत नाही, मग धुताना कडा सुटतात. तुमच्या कडा तुटतात त्याचं एक कारण हेही असेल. फ्रेम मावेल असं जुनं लाकडी कपाट घ्या, तळाशी ६० वॉटचे दोन पिवळे बल्ब जाळीच्या आडोशाला, वर संगणकातला छोटा पंखा हवा बाहेर फेकणारा. आतलं तापमान ४० अंशांच्या वर नको. फ्रेम आडवी, कापडाला लागणारी बाजू खाली. दमट हवा आतच फिरवणारा पंखा उपयोगाचा नाही, ती बाहेर जायला हवी. डीह्युमिडिफायर असेल तर प्रश्नच मिटला.

जाळी_आणि_रबर

कोरलच्या प्रिंट खिडकीतला हाफटोन पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) समजणाऱ्या प्रिंटरलाच लागू होतो. एल१३०० पोस्टस्क्रिप्ट नाही, त्यामुळे ड्रायव्हर स्वतःचा फवारा काढतो. आरआयपी (छपाईचे ठिपके बनवून देणारं) सॉफ्टवेअर घ्यायचं नसेल तर ठिपके आधीच करून घ्या. चित्र ग्रेस्केल करून ७२० डीपीआयला आणा, मग बिटमॅप, मोड, ब्लॅक अँड व्हाईट, हाफटोन. ४५ लाईन (ठिपक्यांच्या ओळी) प्रति इंच, कोन २२.५ अंश, ठिपका गोल. ७२० भागिले ४५ म्हणजे एका ठिपक्याला १६×१६ चे चौकोन, छटांना पुरेसे. ९०टी म्हणजे इंचाला साधारण २३० धागे, लाईनच्या पाचपट, म्हणून ही जोडी जमते. ५५ लाईन मागू नका, मोआरे (जाळी आणि ठिपके एकमेकांत गुंतून दिसणारी नक्षी) पडेल. रूपांतराआधी कर्व्ह्जमध्ये (छटा बदलण्याच्या आलेखात) अगदी फिकट भाग १० टक्क्यांवर आणि गडद ९० वर आणा. त्यापलीकडचे ठिपके जाळीवर टिकत नाहीत.

उलटी-सुलटी: कापडाच्या कामाला सुलटीच, मिरर नको. काचेवर फिल्म शाईची बाजू वर करून, अक्षर सरळ वाचता येईल अशी ठेवा. त्यावर फ्रेमची बाहेरची बाजू टेकवा. शाई थेट इमल्शनला लागली पाहिजे. उलटी छापून शाई काचेकडे ठेवलीत तर मध्ये १०० मायक्रॉनची फिल्म येते, ट्यूबचा तिरका उजेड तिथून आत शिरतो आणि बारीक रेषा खातो. फ्रेमच्या आत काळं कापड, त्यावर जाड फोम, त्यावर फळी आणि वजन. कोटेड बाजू ओळखायची तर ओलं बोट कोपऱ्याला लावा, चिकटेल ती शाईची.

नाव मात्र ४३टी वर ०.५ मिमीच्या खाली नेऊ नका. तिथे धागाच ८० मायक्रॉनच्या आसपास असतो, बारीक रेष त्यावर पायरीपायरीची येते. अनुस्वार थोडे मोठे करा किंवा नावही ९०टी वर घ्या. श्रीलिपीतला (मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधला) मजकूर आधी कर्व्ह्जमध्ये, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांत बदला.

तारकर्ली_टीशर्ट

फिल्म गडद झाली की वेळही पुन्हा काढावी लागेल. एकाच फ्रेमवर पुठ्ठा सरकवत २, ३, ४, ५, ६ मिनिटांचे पट्टे घ्या. धुतल्यावर आतल्या बाजूने बोट फिरवा. जो पट्टा बुळबुळीत लागत नाही आणि ज्यात ०.३ ची रेष उघडी आहे, ती वेळ. आधी फिल्म फिकी असल्याने वेळ वाढवता येत नव्हती, आता येईल, आणि कडाही टिकतील.

सगळ्या टाक्यांत काळी शाई आत्ता नको. ड्रायव्हरला ते कळत नाही, मधल्या छटा बिघडतात, आणि परत रंगीत करायचं तर सगळ्या नळ्या धुवाव्या लागतात. फॉइलची चाचणी पास होतेय तर गरजच काय?

मिऱ्याबंदर

गेटवेचं मान्य. एक भर घालतो, यूपीएस लावा. छापताना लाईट गेली की हेड मध्येच थांबतो, झाकणावर परत जात नाही आणि उघड्यावर सुकतो. प्रिंटरही प्रिंटरच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या नाही. काम नसलं तरी तीन-चार दिवसांनी चारही रंगांच्या भरीव पट्ट्यांचं एक पान काढा.

व्हाळाकाठी

आणि बायक्रोमेटला हातमोजे. त्यातलं क्रोमियम विषारी आहे, धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा व्हाळात (ओढ्यात) सोडू नका. पुढच्या वेळी डायझो (बायक्रोमेटऐवजी दुसऱ्या रसायनाचं इमल्शन) मागवा. वेळ जास्त लागतो, पण मिसळलेला डबा फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतो आणि एक्सपोजर थोडं मागेपुढे झालं तरी सांभाळून घेतो.

कुडाळची_छपाई

देव बरे करो सगळ्यांचं. कपाट उद्या करून घेते. उरलेली फिल्म पावसाळाभर कशी ठेवू?

व्हाळाकाठी

मूळ पाकिटातच, वरून झिपची पिशवी आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. सपाट ठेवा, गुंडाळी नको. जेल ओलं झालं की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत घाला. रंग बदलणारं निळं जेल असेल तर मात्र स्वयंपाकाचा तवा वापरू नका.