विषय: तळेगावचा प्लॉट — हक्कसोड की बक्षीसपत्र? (तातडीचं)

सगळ्यांना नमस्कार,
ह्यांचं भारताचं तिकीट २१ तारखेचं आहे, म्हणून घाईत लिहितेय. तळेगावचा एनए (बिगरशेती) प्लॉट आणि साताऱ्याजवळचं ३० गुंठे शेत आम्हा दोघांच्या नावावर आहे. बायपास झाल्यापासून ह्यांनी एकच धोशा लावलाय, माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करून टाकतो. तिथले वकील हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, करा म्हणतात. कुणी केलंय का?

---
वहिनी, हक्कसोड अजिबात नको, बक्षीसपत्र करा! नाममात्र मुद्रांक वडिलोपार्जित मिळकतीला. तुमचा प्लॉट विकत घेतलेला, तेव्हा ह्यांच्या अर्ध्या हिश्शावर खरेदीखतासारखं शुल्क लागेल. नवऱ्यानं बायकोला राहती किंवा शेतीची मिळकत बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद ३४ वकिलांना दाखवा.
आणि दस्तात 'मी हे बक्षीस स्वीकारले आहे' हे वाक्य आहे का, ते स्वतः वाचा. आमच्या दस्तात नव्हतं. निबंधक कार्यालयात टोकन घेऊन तीन तास बसलो, अंगठा द्यायला पुढे गेलो आणि तिथून परत. आई तेव्हा ऐंशीच्या पुढची, तिला पुन्हा जिना चढवला. देणारा हयात असतानाच स्वीकार व्हावा लागतो, म्हणून जिवाला घोर.
— एडिसनचे काका

---
काका, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण इथल्या, अमेरिकेतल्या कराचं कोण बघणार? वहिनी अमेरिकन नागरिक असतील तर नवरा-बायकोत गिफ्ट टॅक्सला मर्यादा नाही. नसतील तर वर्षाला मर्यादा, २०२५ साली ती १,९०,००० डॉलर होती, त्यापुढे फॉर्म ७०९ (गिफ्ट टॅक्सचं विवरणपत्र) भरायचा. कराचे प्रश्न आधी माझ्याकडे पाठवा असं दिवाळी अंकाच्या वेळीच ठरलं होतं.
— खजिनदार

---
कर राहू दे, शेताचं काय? फेमाच्या (भारताच्या परकीय चलन कायद्याच्या) नियमांत एनआरआय (परदेशी राहणारा भारतीय नागरिक) असो की ओसीआय (परदेशी नागरिक झालेला, ओसीआय कार्ड असलेला मूळचा भारतीय), शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही. काकांचा २०० रुपयांचा मुद्रांक बरोबर, पण वहिनींच्या शेताला तो कामाचा नाही. वारशानं मात्र शेतजमीन घेता येते. शेतापुरतं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर.
— सचिव

---
सचिव, हे मला ठाऊक नव्हतं, मान्य.
— एडिसनचे काका

---
मी गेल्या वर्षीच अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली, हे ग्रीन कार्डवर. म्हणजे प्लॉटचं बक्षीसपत्र, शेताचं मृत्युपत्र. ह्यांना 'मृत्युपत्र' शब्द ऐकवत नाही, पण आज जेवताना बोलले मी. दोन घास तसेच राहिले, मग म्हणाले, कागद आण.
मला जाता येत नाही, माझ्या वतीनं स्वीकाराची सही भाऊ करेल. त्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र इथे नोटरी करून ट्रेंटनच्या राज्य कार्यालयातून अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) करायचंय. ते भारतात पोचलं की तीन महिन्यांत मुद्रांकित करायचं असतं ना? ह्या आठवड्यात ट्रेंटनला कुणी जाणार असेल तर आज रात्रीच फोन करा.