‘पीअर रिव्ह्यू झालेला नाही’ या सूचनेचा अर्थ काय घ्यावा?

डिचोलीकर:
नमस्कार. माझ्या आईला मधुमेह आहे. मामेभावाने घरच्या व्हॉट्सअॅप गटावर एका औषधाविषयीचा शोधनिबंध पाठवला असून तो ‘मेडआर्काइव्ह’ या संकेतस्थळावरचा आहे. हा प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधीच खुला केलेला निबंध) आहे, त्याचा पीअर रिव्ह्यू झालेला नाही आणि त्याच्या आधारे उपचार ठरवू नयेत, अशी सूचना त्यावर आहे. हा निबंध खोटा असल्याचा इशारा समजावा की नुसती औपचारिकता? आणि उपचारांसाठी वापरायचा नसेल, तर सर्वांसाठी खुला कशाला ठेवतात?

बांबोळीची विद्यार्थिनी:
दोन्ही नव्हे. निबंध कोणत्या टप्प्यावर आहे, एवढेच ती सूचना सांगते. २०१९ साली सुरू झालेले हे संकेतस्थळ निबंध स्वीकारताना वाङ्मयचौर्य, रुग्णांना अपायकारक ठरेल असा मजकूर, चाचणीची नोंदणी अशा गोष्टी पाहते. परंतु आकडेमोड बरोबर आहे का आणि निष्कर्ष खरोखर त्या आकड्यांतून निघतो का, हे नियतकालिकाने नेमलेले त्याच विषयातले तज्ज्ञ तपासतात; हाच पीअर रिव्ह्यू आणि त्याला अनेकदा महिने लागतात. खुले ठेवण्याचा उपयोगही आहे: ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या कोविड रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या औषधामुळे मृत्यू घटतात, हा ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणून आला आणि नियतकालिकात जुलैमध्ये छापला गेला.

म्हापशाचा वाचक:
दुसरी बाजूही पाहावी. १० मे २०२१ रोजी आपल्या गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याची घोषणा केली, तेव्हा संशोधन-चाचण्यांबाहेर कोविडसाठी ते वापरू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आधीच आलेला होता. या औषधाच्या बाजूने जगभर पुढे केला जाणारा इजिप्तमधील एक प्रीप्रिंट, आकड्यांविषयी गंभीर शंका निघाल्यावर, त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेण्यात आला. अर्थात पीअर रिव्ह्यू झाला म्हणजे ब्रह्मवाक्य झाले, असेही नाही. कोविडसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याविषयीचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील निबंध परीक्षणातून पार पडूनही जून २०२० मध्ये मागे घ्यावा लागला होता.

तुमच्या निबंधाच्या पानावर नियतकालिकात छापला गेल्याची नोंद आहे का, आवृत्ती कितवी आहे आणि रुग्णांची तुलना कोणाशी केली आहे, हे आधी पाहा.

डिचोलीकर:
पाहिले. दुसरी आवृत्ती आहे, छापल्याची नोंद नाही आणि तुलनेसाठी दुसरा गटच घेतलेला नाही. आईच्या गोळ्या आहेत तशाच चालू राहतील. पुढच्या तपासणीला हा निबंध डॉक्टरांना दाखवीन.